टीच ऑटिझम प्रोग्रॅम, चॅपल हिल : पाच दिवसांचं क्लासरूम ट्रेनिंग

ऑटिस्टिक मुलांच्या वर्गात काम करणाऱ्या कोणालाही मी हे ट्रेनिंग डोळे झाकून सुचवेन. मी इथे अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनातल्या केरी गावात शाळेत असिस्टंट आहे. युनिव्हर्सिटी ऑफ नॉर्थ कॅरोलायनाचं हे टीच (TEACCH), म्हणजे ऑटिस्टिक मुलांसाठीचं काम, काही आजकालचं नाही, १९७२ साली राज्याच्या विधिमंडळाने मंजुरी देऊन ते राज्यभर सुरू केलं. संस्थापक एरिक शॉप्लर. आई मायेने वागत नाही म्हणून मूल असं होतं असं तेव्हा मोठमोठे तज्ज्ञ सांगायचे, आणि या माणसाने आईवडिलांना दोष न देता सोबत कामाला बसवलं. मला हे फार मोठं वाटतं कारण आपल्याकडे अजूनही आईलाच ऐकवतात, तू मोबाईल दिलास म्हणून.

ट्रेनिंगमध्ये समोर खरी मुलं असतात. आधी मुलाला नीट बघायचं, काय जमतंय, काय जमायच्या बेतात आहे, मग त्याच्यासाठी वेळापत्रक आणि काम बनवायचं, फसलं की ट्रेनरसोबत बसून बदलायचं आणि परत करून बघायचं. याआधी दुसरीकडे एक वर्कशॉप केलं होतं, नाव घेत नाही, तिथे दिवसभर नुसत्या स्लाईड्स, सोमवारी वर्गात जाऊन करायचं काय ते कळलंच नाही.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो वर्क सिस्टिमचा. टेबलाशी बसलेल्या मुलाला कोणी न बोलता चार गोष्टी कळल्या पाहिजेत, काय करायचंय, किती करायचंय, संपलं हे कसं कळणार आणि नंतर काय. डावीकडे कामाचे डबे, उजवीकडे झालेलं ठेवायची टोपली. आपण "चल अजून थोडंसं, झालंच आता" म्हणत राहतो ना, ते थोडंसं म्हणजे किती हे त्याला दिसतच नाही आणि मग ओरडणं, टेबलाखाली जाऊन बसणं. तीन डबे दिसले की कामं तीनच, मग झोका. वेळापत्रकपण सगळ्यांना चित्रांचं चालत नाही, कोणाला हातात खरी वाटी दिली तर जेवायची वेळ झाली हे कळतं, कोणाला लिहिलेली यादी पुरते.

जमलं तर टीचर आणि असिस्टंट दोघींनी जा, नाहीतर एक चित्रं लावते आणि दुसरी तोंडानेच सांगत राहते. स्पीच थेरपी, ऑक्युपेशनल थेरपी वगैरे लागते ती लागतेच, ते यात नाही. आणि सर्टिफिकेशन वेगळं असतं, प्रॅक्टिशनर आणि ॲडव्हान्स्ड कन्सल्टंट अशा लेव्हल आहेत, ट्रेनिंग केलं म्हणजे सर्टिफाइड झालो असं नाही.

भारतातून फक्त यासाठी या असं मी म्हणणार नाही, खर्च फार आहे. माझी नणंद नागपूरला स्पेशल एज्युकेटर आहे, तिला व्हिडिओ कॉलवर मांडणी दाखवली तर तिने मिठाईचे रिकामे खोके, बाटल्यांची झाकणं आणि वेल्क्रो यांच्यावर अख्खं टेबल उभं केलं. तिकडे स्पेशल एज्युकेटर म्हणून काम करायला आरसीआयचं (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया) रजिस्ट्रेशन लागतंच, ते आधी करा.