टिरो देवनागरी मराठी : आईच्या ओव्यांसाठी निवडलेला फाँट

सांगलीत खणभागात माझं डीटीपीचं काम आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, पतसंस्थांचे अहवाल यांतच वर्ष सरतं. यंदा काम घरचंच निघालं. आईच्या जात्यावरच्या ओव्या, डेमी आकाराची 80 पानं.

फाँट मी स्क्रीनवर बघून ठरवत नाही. 'विठ्ठल, शेला, लेकुरवाळी, तऱ्हा, ज्ञानोबा' एवढीच ओळ सहा फाँटांत लावली, 70 जीएसएम मॅपलिथो कागदावर प्रिंट काढली आणि आईपुढे ठेवली. तिने चष्मा सावरला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "ह्यो ल मी पाटीवर गिरवलाय. वरचा त्यो हिंदीतला हाय." बोट 'टिरो देवनागरी मराठी' या फाँटावर होतं.

आईचं बरोबर होतं. मराठी वळणाचा ल पाकळ्यांचा आणि श देठाचा. वर्णमालेच्या 2022 च्या शासन निर्णयातही हीच रूपं आहेत. बऱ्याच फाँटांत ही रूपं आत दडलेली असतात, मजकुराची भाषा 'मराठी' अशी निवडली तरच बाहेर येतात. फाइल दुसऱ्या मशीनवर गेली की ल पुन्हा हिंदी वळणाचा, दंडाचा. एका स्मरणिकेची अर्धी पानं एका वळणाची आणि अर्धी दुसऱ्या वळणाची छापून आली होती, ते मला अजून खुपतं. टिरोचे हिंदी, मराठी आणि संस्कृत असे तीन वेगळे फाँटच आहेत, त्यामुळे मराठीचा घेतला की ही कटकट उरत नाही.

फिओना रॉस आणि जॉन हडसन यांचं हे काम. वळण मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याच्या खिळ्यांवरून, म्हणजे छपाईच्या धातूच्या अक्षरांवरून घेतलेलं आहे, जावजी दादाजींचा तो छापखाना. म्हणून रेघ भरदार आहे आणि अक्षराचं पोट मोकळं. 'विठ्ठल'मधला ठ्ठ एकाखाली एक नीट बसतो, पाय मोडलेला ठ दिसत नाही. ओव्यांत विठ्ठल पानोपानी येतो, त्यामुळे माझ्यासाठी निम्मा निकाल तिथेच लागला.

उणीव मोठी आहे, ठळक प्रकार नाही. सरळ आणि तिरपा, एवढे दोनच. सॉफ्टवेअरचं बटण दाबून जबरदस्तीने ठळक केलं तर क्ष आणि ज्ञ शाईने बुजतात, तसं कुणी करू नये. मी मथळ्यांना मुंबईच्या 'एक टाइप' या फाँट बनवणाऱ्या संस्थेचा 'मुक्ता' लावला, त्यात बारीक ते जाड सात वजनं मिळतात. दोन्ही फाँट गुगल फाँट्सवर फुकट आहेत आणि धंद्याच्या छपाईलाही चालतात. तिरपा मी फक्त ओवीखालच्या गावाच्या नावाला वापरला.

आकार आधी 12 वर 15 ठेवला होता, म्हणजे अक्षर 12 पॉइंटचं आणि ओळ ते ओळ अंतर 15 पॉइंट. वरच्या ओळीचा उकार खालच्या रफारावर टेकायला लागला, म्हणून 13 वर 20 केला. आणि इनडिझाइनमध्ये पानजुळणी करताना 'वर्ल्ड-रेडी कंपोझर' हा पर्याय निवडायला विसरू नका, नाहीतर पहिली वेलांटी अक्षराच्या आधी यायची ती नंतर जाऊन बसते.

दुसरं प्रूफ आईने दुपारभर वाचलं. अक्षराबद्दल एक शब्द काढला नाही. तीन ओव्यांत माझ्याकडून शब्द चुकले होते, ते दाखवले. ते दुरुस्त करून काल फाइल छपाईला दिली.