सी-स्पॅन : राष्ट्राध्यक्षांचे भाषण, विरोधकांचे उत्तर आणि मग लोकांचे फोन

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचे काँग्रेसच्या संयुक्त बैठकीसमोरचे भाषण पाहायचे म्हटले तर आज साधनांची वानवा नाही. मोठ्या वृत्तवाहिन्या, व्हाइट हाउसचे स्वतःचे संकेतस्थळ, यूट्यूबवरची असंख्य प्रक्षेपणे, सगळीकडे ते एकाच वेळी दिसते. तरीही भाषण, त्यावर विरोधी पक्षाने दिलेले अधिकृत उत्तर आणि त्या दोन्हींवर सामान्य प्रेक्षकांनी दिलेली पहिली प्रतिक्रिया, या तिन्ही गोष्टी सलग आणि मध्ये एकही तज्ज्ञ न बसवता पाहायच्या असतील, तर सी-स्पॅन या वाहिनीला आणि तिच्या संकेतस्थळावरील चित्रफितींच्या संग्रहाला माझ्या माहितीत तोड नाही. ज्याला आपले मत स्वतः बनवायचे आहे त्याच्यासाठी ही सेवा उत्तम आहे. जे बोलले गेले ते खरे होते का, एवढेच ज्याला जाणून घ्यायचे आहे, त्याच्यासाठी मात्र ती अपुरी आहे, आणि या अपुरेपणाचे मूळ तिच्या चांगुलपणातच आहे.

सी-स्पॅन ही सरकारी वाहिनी आहे असा गैरसमज बराच आढळतो. ब्रायन लॅम्ब यांच्या पुढाकाराने 1979 साली ती सुरू झाली ती खासगी, ना-नफा संस्था म्हणून. केबल कंपन्या दर ग्राहकामागे महिन्याला काही सेंट देतात आणि मुख्यतः त्यावर तिचा खर्च चालतो. सरकारी अनुदान तिला मिळत नाही. गैरसमजाचे कारण असे की प्रतिनिधिगृहाच्या रोजच्या कामकाजाचे कॅमेरे त्या गृहाच्याच ताब्यात असतात आणि सी-स्पॅन ते चित्रण जसेच्या तसे दाखवते. राष्ट्राध्यक्षांच्या भाषणासारख्या खास प्रसंगी मात्र वृत्तमाध्यमांच्या कॅमेऱ्यांना आत प्रवेश असतो, आणि त्यामुळे त्या रात्रीचे प्रक्षेपण एरवीपेक्षा फारच बोलके होते. कोण टाळ्या वाजवायला उठले, कोण हाताची घडी घालून बसून राहिले, न्यायमूर्तींच्या रांगेत कोणाच्या चेहऱ्यावर काय उमटले, हे सगळे दिसते. 9 सप्टेंबर 2009 रोजी आरोग्यविम्यावरील भाषणात प्रतिनिधी जो विल्सन यांनी बराक ओबामांना ओरडून खोटे ठरवले तो क्षण, 4 फेब्रुवारी 2020 रोजी भाषण संपताच सभापती नॅन्सी पेलोसी यांनी डोनाल्ड ट्रम्प यांच्या भाषणाची प्रत फाडली तो क्षण, किंवा मार्च 2025 मध्ये प्रतिनिधी अल ग्रीन यांना सभागृहाबाहेर नेले गेले तो प्रसंग, हे सारे बातम्यांत काही सेकंदांच्या तुकड्यांतून आपण पाहिलेले असते. इथे ते आधीच्या आणि नंतरच्या मिनिटांसकट पाहता येते, आणि त्या मिनिटांनी पुष्कळदा अर्थ बदलतो.

भाषणाच्या आधीची आणि नंतरची वेळ ही तर या वाहिनीची खासियतच आहे. राष्ट्राध्यक्ष मधल्या वाटेने चालत येतात तेव्हा इतर वाहिन्यांवर निवेदक त्यांच्या टायपासून लोकप्रियतेच्या आकड्यांपर्यंत सर्व विषयांवर बोलत असतात. सी-स्पॅनवर त्या वेळी सभागृहाचाच आवाज ऐकू येतो. वाटेच्या कडेची जागा पकडण्यासाठी काही सदस्य तासन् तास आधी येऊन बसतात, आणि हस्तांदोलनाच्या त्या अर्ध्या क्षणात प्रत्येक जण काहीतरी सांगून घेतो. 7 मार्च 2024 रोजी जो बायडन भाषण संपल्यावर बराच वेळ सभागृहात रेंगाळले होते आणि सिनेटर मायकेल बेनेट यांच्याशी नेतान्याहूंविषयी ते जे बोलले ते सुरू राहिलेल्या ध्वनिक्षेपकाने टिपले. तासाभराच्या लिखित भाषणापेक्षा त्या दोन वाक्यांचीच दुसऱ्या दिवशी काही ठिकाणी जास्त चर्चा झाली. प्रक्षेपण लवकर आटोपते घेण्याची घाई नसेल तर असे काही हाती लागते.

आता विरोधी पक्षाच्या उत्तराविषयी. ही प्रथा राज्यघटनेत नाही. राष्ट्राध्यक्षांनी काँग्रेसला देशाच्या स्थितीची माहिती द्यावी एवढेच घटनेचा दुसरा अनुच्छेद सांगतो. लिंडन जॉन्सन यांनी 1965 साली भाषणाची वेळ दुपारवरून रात्रीवर नेली, म्हणजे घरोघरी दूरचित्रवाणीसमोर बसलेला प्रेक्षक त्यांनी मिळवला, आणि पुढच्याच वर्षी एव्हरेट डर्कसन व जेराल्ड फोर्ड या रिपब्लिकन नेत्यांनी दूरचित्रवाणीवरून पहिले उत्तर दिले. तेव्हापासून या उत्तराची मूळ अडचण बदललेली नाही. ते राष्ट्राध्यक्षांचे भाषण होण्याआधीच लिहिलेले असते, त्यामुळे नावाला उत्तर असले तरी त्यात झालेल्या भाषणाचे खंडन जवळजवळ नसतेच. शिवाय शेकडो माणसांच्या टाळ्यांनी भरलेल्या सभागृहानंतर लगेच एकट्या माणसाने कॅमेऱ्याकडे पाहत बोलायचे असते. मार्च 2025 मध्ये ट्रम्प सुमारे एक तास चाळीस मिनिटे बोलले. त्यानंतर मिशिगनमधून बोललेल्या सिनेटर एलिसा स्लॉटकिन यांनी आपले उत्तर सुमारे दहा मिनिटांत संपवले. (हे भाषण आणि ओबामांचे फेब्रुवारी 2009 चे भाषण, दोन्ही कार्यकाळाच्या पहिल्या वर्षातली असल्याने औपचारिकपणे ‘स्टेट ऑफ द युनियन’ (देशाच्या स्थितीविषयीचे वार्षिक भाषण) म्हणून मोजली जात नाहीत, व्यवहारात हा फरक कोणी पाळत नाही.) दोन्ही सलग पाहिल्यावर माझे मत असे झाले की थकलेल्या प्रेक्षकासमोर थोडक्यात बोलणे हेच उत्तर देणाऱ्याच्या हातातले खरे शस्त्र आहे, आणि बहुतेक वक्ते ते वापरत नाहीत.

उत्तर देणाऱ्याची फजिती होण्याची तर परंपराच आहे. लुइझियानाचे तेव्हाचे गव्हर्नर बॉबी जिंदाल यांनी ओबामांच्या त्या फेब्रुवारी 2009 च्या भाषणाला दिलेले उत्तर भारतीय वंशाचे असंख्य प्रेक्षक मोठ्या अपेक्षेने पाहत होते. गव्हर्नरनिवासातल्या जिन्याच्या बाजूने ते चालत कॅमेऱ्यासमोर आले आणि त्यांनी तोंड उघडण्याआधीच एमएसएनबीसी वाहिनीवर निवेदक ख्रिस मॅथ्यूज यांचा हताश उद्गार चुकून प्रक्षेपित झाला. आपली प्रतिक्रिया त्या मांडणीबद्दल होती, असा खुलासा त्यांनी नंतर केला. त्या वाहिनीच्या प्रेक्षकाला भाषण सुरू होण्यापूर्वीच त्याचा निकाल मिळाला. तेच भाषण सी-स्पॅनच्या संग्रहात त्या उद्गाराविना पाहिले तरी ते फारसे सुधारत नाही, हे प्रांजळपणे सांगायला हवे. सुरातला कृत्रिम गोडवा आणि ज्वालामुखींवर लक्ष ठेवण्याच्या खर्चाची थट्टा आजही खटकते, विशेषतः पुढच्याच महिन्यात अलास्कातला माउंट रिडाउट जागा झाला हे माहीत असताना. पण हा निष्कर्ष तुमचा तुम्ही काढलेला असतो. 2013 मध्ये मार्को रुबिओ यांनी बोलता बोलता वाकून पाण्याची बाटली उचलली, तो दोन सेकंदांचा प्रसंग जगभर फिरला. पूर्ण भाषण पाहिले तर त्यांची मांडणी जिंदाल यांच्यापेक्षा पुष्कळच बांधेसूद होती आणि त्यांनी ती स्पॅनिशमध्येही केली होती, हे लक्षात येते. एकटेपणाच्या अडचणीवर व्हर्जिनियाचे गव्हर्नर बॉब मॅकडोनेल यांनी 2010 साली उपाय काढला आणि आपल्या राज्याच्या विधिमंडळ सभागृहात, टाळ्या वाजवणाऱ्या श्रोत्यांसमोर उत्तर दिले. ते प्रतिष्ठित दिसले, आणि प्रतिष्ठित दिसणाऱ्या गोष्टींप्रमाणे लवकर विसरलेही गेले.

सेवेची मर्यादा कळण्यासाठी मात्र 2024 चे उत्तर पाहावे. अलाबामाच्या सिनेटर केटी ब्रिट यांनी आपल्या स्वयंपाकघरातून बोलताना मानवी तस्करीला बळी पडलेल्या एका स्त्रीची कहाणी अशा रीतीने सांगितली की ती बायडन यांच्या सीमाधोरणाचा परिणाम वाटावी. ते अत्याचार मेक्सिकोत आणि जॉर्ज बुश यांच्या काळात झाले होते, हे जोनाथन कॅट्झ या स्वतंत्र पत्रकाराने लवकरच उघड केले. सी-स्पॅनवर भाषण ऐकून झोपी गेलेल्या प्रेक्षकाला हे कळण्याचा मार्ग नव्हता, कारण वक्त्याच्या विधानाची शहानिशा करणे हे आपले काम आहे असे ही वाहिनी मानत नाही. ही त्यांची भूमिका मला पटते, पण तिची किंमत प्रेक्षकाने ओळखून असावे.

उत्तर संपले की फोन सुरू होतात. लोकांचे फोन प्रक्षेपणात घेण्याची सी-स्पॅनची पद्धत 1980 पासूनची आहे. आता डेमोक्रॅट, रिपब्लिकन आणि अपक्ष अशा तीन वेगवेगळ्या क्रमांकांवर फोन येतात आणि निवेदक ते आलटून पालटून घेतो. निवेदकाचे काम एवढेच की गावाचे नाव सांगायचे, घरातल्या टीव्हीचा आवाज कमी करायला सांगायचे, गरज पडली तर एखादा साधा प्रश्न विचारायचा आणि आभार मानून पुढच्या फोनकडे वळायचे. तो मान डोलावत नाही, हसत नाही, चूक दुरुस्तही क्वचितच करतो. सवय नसलेल्याला पहिली दहा मिनिटे हे कंटाळवाणे वाटेल. नंतर त्यातली गंमत कळू लागते. एखादा फोन करणारा दुसऱ्या वाहिनीवर ऐकलेली वाक्ये शब्दशः म्हणून दाखवतो आणि ते लगेच ओळखू येते. एखादी बाई भाषणातल्या शंभर मुद्द्यांमधून फक्त इन्सुलिनच्या किमतीचा मुद्दा उचलते आणि आपल्या घरचा हिशेब मांडते. रिपब्लिकन क्रमांकावर फोन करून रिपब्लिकन अध्यक्षावर तोंडसुख घेणारेही निघतात, कारण कोण कोणत्या पक्षाचा याची तपासणी कोणी करत नाही. स्टुडिओतल्या टेबलाभोवती बसलेले सहा विश्लेषक ज्या मुद्द्यावर तासभर भांडतात, तो या फोनवाल्यांच्या तोंडी येतच नाही, असे पुन्हा पुन्हा दिसते.

या फोनांना जनमताचा कौल समजण्याची चूक मात्र करू नये. तीन क्रमांकांना सारखी संधी दिल्यामुळे प्रतिक्रिया समसमान विभागलेल्या दिसतात. प्रत्यक्षात रात्री अकरा वाजता फोन लावून तिष्ठत बसणारा माणूस हा सामान्य मतदार नसतोच. अर्थात सीएनएनसारख्या वाहिन्या भाषण संपताच ज्या झटपट चाचण्या जाहीर करतात त्याही फार वेगळ्या नाहीत. त्या फक्त भाषण पाहणाऱ्यांना विचारतात, आणि पाहणाऱ्यांत राष्ट्राध्यक्षांच्या पक्षाचे लोक जास्त असतात. त्यामुळे अध्यक्ष कोणीही असो, त्या रात्रीचा आकडा बहुधा अनुकूलच येतो. गॅलप या जनमत चाचण्या घेणाऱ्या संस्थेच्या अनेक वर्षांच्या नोंदी पाहिल्या तर अशा भाषणांनी अध्यक्षांची लोकप्रियता फारशी हललेली नाही. सी-स्पॅन निदान आपल्या फोनांना टक्केवारीचा मुलामा देत नाही.

चित्रफितींचा संग्रह हा भारतात बसलेल्या प्रेक्षकासाठी खरा ठेवा आहे. 1987 पासूनच्या प्रक्षेपणांचा हा संग्रह पर्ड्यू विद्यापीठाच्या परिसरात उभा राहिला आणि 2010 साली तो सर्वांसाठी विनामूल्य खुला झाला. वक्त्याच्या नावावरून किंवा तारखेवरून शोध घेता येतो आणि चित्रफितीखाली शब्दांकनही मिळते. हे शब्दांकन प्रक्षेपणाच्या वेळी पडद्यावर उमटणाऱ्या मजकुरावरून घेतलेले असल्याने विशेषनामांची मोडतोड बरीच असते, तेव्हा उद्धृत करण्यापूर्वी ऐकून खात्री करावी. भाषण तिथल्या पूर्व किनाऱ्यावर रात्री नऊला सुरू होते, म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळचे साडेसात. ऑफिसला निघण्यापूर्वी अर्धे भाषण होते आणि उत्तर व फोन संध्याकाळसाठी उरतात. अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांपैकी ज्यांनी केबल बंद केली आहे त्यांची अडचण वेगळी आहे. वाहिनीचे चोवीस तासांचे प्रक्षेपण पाहायला वर्गणीचा पुरावा लागत आला आहे, आणि केबलचे ग्राहक घटत गेल्याने वाहिनीचे उत्पन्नही घटले आहे. वर्षातून एकदाच येणारे हे भाषण आणि त्यावरचे उत्तर तेवढे वर्गणीशिवाय मिळते.

आपल्या संसद टीव्हीशी तुलना करण्याचा मोह होतो, पण दोन्ही व्यवस्थांचा साचा निराळा आहे. राष्ट्रपतींचे अभिभाषण राज्यघटनेच्या 87 व्या अनुच्छेदानुसार होते आणि त्याचा मजकूर मंत्रिमंडळाचा असतो. विरोधक त्यावर आभारप्रस्तावाच्या चर्चेत, आपापल्या सभागृहात उभे राहून, दिवसेंदिवस बोलतात, आणि शेवटी पंतप्रधान उत्तर देतात. 2015 आणि 2016 साली राज्यसभेत विरोधकांची दुरुस्ती मंजूर होऊन सरकारची अडचण झाली होती. अमेरिकेतल्या दहा मिनिटांच्या एकांती उत्तराला असा काही परिणाम घडवणे शक्यच नाही. या बाबतीत आपली पद्धत सरस आहे, असे मी म्हणेन. लोकांच्या प्रतिक्रियेचा तिसरा अंक मात्र संसद टीव्हीकडे नाही, आणि सभागृहाच्या अध्यक्षांनी कामकाजातून वगळलेले शब्द अधिकृत नोंदीत राहत नाहीत. विल्सन यांची आरोळी मात्र सी-स्पॅनच्या संग्रहात कोणालाही, केव्हाही ऐकता येते.

पहिल्यांदाच पाहणाऱ्याने 2024 ची रात्र निवडावी. सभागृहात विरोधी बाकांशी थेट हुज्जत घालणारे बायडन, मग स्वयंपाकघरातल्या ब्रिट आणि मग फोन, असा क्रम ठेवला तर तिन्ही भागांची बलस्थाने आणि उणिवा एका बैठकीत कळतात. फक्त ब्रिट यांच्या भाषणानंतर एखाद्या विश्वासार्ह वृत्तपत्रातली त्या विधानांची तपासणी वाचून घ्यावी, आणि मगच फोन ऐकायला बसावे.