खाडीतल्या फेरीबोटीचा रोध कसा काढावा? संगणकीय पद्धतींचा तुलनात्मक आढावा

बेलापूर जेट्टीवरून २०२२ च्या फेब्रुवारीत वॉटर टॅक्सी सुरू झाली आणि ठाणे खाडीतून प्रवासी नेण्याचा विषय पुन्हा चर्चेत आला. अशा बोटीचा आराखडा हाती घेणाऱ्या लहान कार्यालयाला इंजिनाची शक्ती ठरवण्यासाठी आधी पाण्याचा रोध, म्हणजे बोट पुढे जाताना पाणी करते तो विरोध, काढावा लागतो, आणि तो कोणत्या पद्धतीने काढायचा हा निर्णय सॉफ्टवेअरच्या खरेदीइतकाच खाडीच्या खोलीशीही निगडित आहे. उदाहरणादाखल जलरेषेवर २४ मीटर लांब आणि १२ नॉट वेगाने चालणारी फेरी डोळ्यांसमोर ठेवून पुढची तुलना केली आहे.

सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे अनुभवजन्य सूत्रे. त्यांपैकी होल्ट्रॉप आणि मेनेन यांची १९८२ ची पद्धत आजही अनेक कार्यालयांत वापरली जाते. नेदरलँड्समधील वाखेनिंगेन येथे, बोटीचा लहान नमुना पाण्यातून ओढून रोध मोजण्याच्या टँकमध्ये झालेल्या नमुना-चाचण्यांच्या सांख्यिकी विश्लेषणातून ती तयार झाली. तिला हलचा (बोटीच्या सांगाड्याचा) पूर्ण आकार लागत नाही. लांबी, रुंदी, डुबाव (बोट पाण्यात किती खोल बसते ते), काही गुणांक आणि आवश्यक ते क्षेत्रफळ दिले की साध्या स्प्रेडशीटवर काही क्षणांत उत्तर मिळते. निविदेपुरता किंवा पहिल्या बैठकीपुरता इंजिनाचा अंदाज हवा असेल, तर याहून अधिक खर्च करण्याचे कारण मला दिसत नाही. मात्र ही पद्धत एकहली जहाजांसाठी आहे. दोन हलांच्या कॅटामरानला ती तशीच लावणे चूक आहे. शिवाय तिच्यात पाण्याची खोली हा घटकच नाही. खोल समुद्रात ही उणीव जाणवत नाही, खाडीत मात्र तीच निर्णायक ठरते.

उथळ पाण्यात लाट किती वेगाने जाऊ शकते याला मर्यादा असते, आणि ती मर्यादा गुरुत्वत्वरण व खोली यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाइतकी असते. खोली ३ मीटर असेल तर ती सुमारे १०.५ नॉट येते, ४ मीटरला १२.२ आणि ७ मीटरला १६.१ नॉट. ठाणे खाडीत उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या वर जातो. म्हणजे ज्या ठिकाणी ओहोटीला ३ मीटर पाणी असते, तिथे भरतीला ७ मीटर असू शकते. आपली १२ नॉटची फेरी त्याच जागी सकाळी मर्यादेच्या वर आणि दुपारी मर्यादेच्या बरीच खाली धावत असेल, आणि मधल्या काळात केव्हातरी ती नेमक्या त्या मर्यादेवर येईल. तिथे रोध झपाट्याने वाढतो आणि बोटीचा मागचा भाग खाली बसतो. त्यात भर म्हणजे १२ नॉटला खोल पाण्यात उठणाऱ्या लाटेची लांबीही २४ मीटरच्या आसपास, म्हणजे बोटीइतकीच येते. तेव्हा हा वेग खोल पाण्यातसुद्धा सुखाचा नाही. (बोट चालवणाऱ्या तांडेलाला हे कोणत्याही सूत्राशिवाय कळते, तो थ्रॉटल मागे घेतो.)

दुसरा पर्याय विभव-प्रवाहावर आधारित पद्धतींचा. पाण्याचा चिकटपणा बाजूला ठेवून केवळ लाटांचे गणित करायचे, आणि घर्षणासाठी आयटीटीसीची (टोईंग टँक चालवणाऱ्या संस्थांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेची) १९५७ ची रेषा, म्हणजे घर्षण-गुणांकाचे सूत्र, वेगळी जोडायची, हे त्यांचे सूत्र. जॉन हेन्री मिशेल यांनी १८९८ मध्ये मांडलेला सडपातळ जहाजांचा सिद्धान्त याच घराण्यातला, आणि कॅटामरानच्या अरुंद हलांसाठी तो आजही चकित करणारी चांगली उत्तरे देतो. हलचा पृष्ठभाग लहान तुकड्यांत विभागणारी पॅनल पद्धत त्यापुढची. तिच्यात खाडीचा तळ धरता येतो, दोन हलांतील अंतर बदलून पाहता येते आणि नाळेचे (बोटीच्या पुढच्या टोकाचे) पाच-सहा आकार साध्या संगणकावर दिवसाभरात तपासता येतात. कांदळवनाच्या काठावर किती उंचीची लाट पोहोचेल, याचाही अंदाज तिच्यातून मिळतो. पण फुटणारी लाट आणि हलच्या मागे सुटणारा प्रवाह तिच्या आवाक्याबाहेर आहेत, आणि मर्यादा-वेगाजवळ तिचे स्थिर-प्रवाहाचे गृहीतकच कोसळते, कारण तिथे बोटीच्या पुढे एकाकी लाटा सुटू लागतात आणि प्रवाह स्थिर राहतच नाही.

घर्षणाबाबत एक बारकावा सांगून ठेवतो. तक्त्यांमध्ये पाणी बहुधा १५ अंश सेल्सिअसचे धरलेले असते. आपल्याकडचे पाणी २८ अंशांचे धरले तर या फेरीचा घर्षण-गुणांक सुमारे ४ टक्क्यांनी कमी येतो.

तिसरा पर्याय रान्स, म्हणजे चिकटपणा आणि खळबळ धरून, पाण्याचा पृष्ठभाग मोकळा ठेवून केलेले पूर्ण गणित. त्यासाठीचे ओपनफोम हे सॉफ्टवेअर मोफत असल्यामुळे परवान्याचा खर्च टळतो, परंतु जाळी (गणितासाठी पाण्याचे लहान पेशींत केलेले विभाजन) नीट बांधणारा माणूस मोफत मिळत नाही. काही दशलक्ष पेशींची जाळी, एकेका वेगासाठी कार्यालयातल्या वर्कस्टेशनवर तास नव्हे तर दिवस, आणि चुकीला भरपूर वाव. या पद्धतीतली एक नेहमीची खोड म्हणजे हलच्या तळाखाली गणितातच हवेचा खोटा थर साचतो, घर्षण कमी दिसते आणि आराखडा आहे त्याहून चांगला भासतो. रंगीत चित्रे पाहून ग्राहक खूश होतो, पण त्या चित्रांत हा दोष दिसेलच असे नाही. म्हणून रान्सच्या एकट्या आकड्यापेक्षा, एकाच जाळीच्या पद्धतीने तपासलेल्या दोन हलांमधील फरकावर मी अधिक विश्वास ठेवतो.

लाटांतील हेलकाव्यांचा प्रश्न खाडीच्या आत फारसा येत नाही. मार्ग मांडव्याच्या दिशेने उघड्या पाण्यात जाणार असेल, तरच स्ट्रिप सिद्धान्ताचे (हलचे आडवे काप धरून हेलकावे काढण्याचे) गणित करून घ्यावे.

आपली बोट ८ नॉटची असेल तर वरच्या आकड्यांनुसार ती ओहोटीलाही मर्यादेच्या खाली राहते, आणि सूत्रे व पॅनल पद्धत यांवर काम भागते. वेग १२ नॉट हवाच असेल, तर पॅनलने दोन आकार निवडून रान्सचे काम फक्त त्या दोघांसाठी, पण ३, ४ आणि ७ मीटर अशा तिन्ही खोल्यांवर करून घ्यावे. काम बाहेर देताना किमान तीन घनतांच्या जाळ्यांचे निकाल, धरलेले पाण्याचे तापमान आणि हलच्या तळावरील हवेचे प्रमाण दाखवणारे चित्र कार्यादेशातच मागून घ्यावे. एवढे करूनही दोन हलांमधला फरक जाळी बदलल्यावर पडणाऱ्या फरकाइतकाच निघाला, तर खरगपूर किंवा मद्रासच्या आयआयटीतील टोईंग टँकमध्ये नमुना-चाचणी करून घेण्याचा खर्च धरावा लागेल.