चंडीगडची खुर्ची: जुनी, की जुनी केलेली?

दोन सागवानी खुर्च्या शेजारी ठेवल्या आहेत. दोन्हींचे पाय उघडलेल्या कंपासासारखे, बैठक आणि पाठ वेताची, मागे रंगवलेली अक्षरं नि आकडे. विकणारा दोन्हींना ‘ओरिजिनल चंडीगड चेअर’ म्हणतो, म्हणजे चंडीगड शहर वसवताना तिथल्या सरकारी कचेऱ्यांसाठी बनलेली मूळ खुर्ची. घ्यायची कोणती?

सगळ्यांची नजर आधी त्या अक्षरांवर जाते, आणि तिथेच फसगत होते. आपल्याकडे शाळा-कचेरीतल्या टेबलावर डेडस्टॉक नंबर असतो ना, तोच हा प्रकार: कुठल्या खात्याची, कितवी वस्तू. स्टेन्सिल कापून असा नंबर तासाभरात टाकता येतो. म्हणून तो शेवटी बघा.

आधी खुर्ची उलटी करा. जुन्या सागाच्या खालच्या बाजूला कोरडा, डागाळलेला रंग असतो आणि रेषांत धूळ बसलेली असते. नकलेत मात्र गडद पॉलिश जिथे हात कधी पोचणार नाही तिथेही एकसारखं फिरलेलं दिसतं. झिजेचंही तसंच. कारकून जिथे तळहात टेकतो तिथे खुर्चीचा हात गुळगुळीत होतो, फरशी पुसताना पाय खालून भिजून काळवंडतात. साखळीने ठोकून आणलेलं म्हातारपण सगळीकडे सारखंच असतं.

मापावरून मात्र निकाल देऊ नका. चंडीगड शहर आखणारा वास्तुकार ल कॉर्ब्यूझिए, त्याचा चुलतभाऊ आणि या खुर्च्यांच्या रचनेशी ज्याचं नाव जोडलं जातं तो वास्तुकार पिएर जानरे १९५०च्या दशकात चंडीगडला आला आणि १९६५पर्यंत राहिला. त्या काळातलं हे फर्निचर एका कारखान्यात नाही, वेगवेगळ्या स्थानिक सुतारखान्यांत बनलं. त्यामुळे थोडाफार फरक असायचाच. उलट सहा खुर्च्या केसाचाही फरक नसलेल्या निघाल्या तर मला शंका येते.

नवा वेत हाही नकलेचा पुरावा नाही. वेत तुटतो आणि पुन्हा विणला जातो. फुलीच्या खाचेचा, म्हणजे नव्या पद्धतीचा, स्क्रू दिसला तर तो एकच आहे की सगळेच तसे, एवढं पाहा. एखादा दुरुस्तीचा असू शकतो.

लाकूड वय सांगेल, मालकी नाही. मोडक्या खुर्च्या सरकारी खात्यांनी भंगाराच्या भावात लिलावात काढल्या, परदेशी व्यापाऱ्यांनी त्या उचलल्या आणि युरोपातल्या लिलावांत त्यांचे भाव चढले. २०११मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने चंडीगडच्या अशा वारसा वस्तूंच्या विक्रीला मनाई केली. म्हणून खुर्ची सरकारी कचेरीतून बाहेर कधी पडली, लिलावाची पावती कुठे, हे विचारायलाच हवं. उत्तर गुळमुळीत आलं तर अस्सल खुर्चीलाही मी हात लावणार नाही.

रोज जेवायला बसायचं असेल तर हा सगळा खटाटोप कशाला? इटलीची कासिना किंवा बंगळुरूची फँटम हँड्स या कंपन्या अशा खुर्च्या नव्या म्हणूनच विकतात. त्यात फसवणूक नाही, आणि पाहुण्यांचा मुलगा वर उभा राहिला तरी काळजात धस्स होत नाही.

आता पुन्हा समोरच्या दोघींकडे. पहिलीचा एक पाय नंतर बसवलेला, नंबर अर्धा खरवडलेला, पण खालची बाजू कोरडी, डागाळलेली. तिचे कागद मागा. दुसरीवरचे ओरखडे बैठकीच्या खालच्या पट्टीवरही तितकेच दाट आहेत. ती आवडलीच, तर सुताराचा भाव द्या.