तीन लाखात जुनी इटिऑस घेतली, ३२ हजार किमी चालवल्यावर लिहितेय

बजेट तीन लाख, ओढून ताणून सव्वातीन. घरात पाच माणसं, त्यात सासूबाईंचे दोन्ही गुडघे गेलेले आणि महिन्यातून एकदा हडपसर ते कराड जाणं ठरलेलं, येताना तांदळाची गोणी, शेंगा, गूळ, शेजारच्यांनी दिलेली भाजी असं सगळं बरोबर. एसटीला त्यांचे हाल व्हायचे आणि भाड्याची गाडी दर महिन्याला परवडणारी नाही, म्हणून डिकीवाली गाडीच हवी होती. नवीन सेडान आमच्या पैशात बसतच नव्हती आणि नवीन छोटी गाडी कर्जावर घेण्यापेक्षा जुनी पण मोठी गाडी रोख घ्यायची असं ठरलं.

फेब्रुवारी २०२३ मध्ये २०१४ ची टोयोटा इटिऑस घेतली, पेट्रोल, व्ही मॉडेल, फर्स्ट ओनर, एमएच ११ पासिंग, मीटरवर ६१,२०० किमी. मागत होते ३.४०, मिळाली ३.०५ ला. आज मीटर ९३ हजारच्या पुढे आहे. मैत्रिणी, ऑफिसातले लोक सारखे विचारतात कशी आहे, काय बघून घेतली, तर एकदाच सगळं लिहून टाकते.

आधी ज्या गाड्या घेतल्या नाहीत त्यांच्याबद्दल, कारण माझ्या मते खरं शिक्षण तिथे झालं. माझा मामेभाऊ कराडला गॅरेज चालवतो, वीस वर्षं झाली, आम्ही सगळे त्याला दादा म्हणतो. तो दोन रविवार माझ्यासाठी पुण्याला आला. पहिली बघितली ती स्विफ्ट डिझायर, पांढरी, आतून बाहेरून चकाचक, सीट कव्हर नवीन, मॅटिंग नवीन, परफ्यूमचा वास, आणि भाव बाकीच्यांपेक्षा चाळीस हजारांनी कमी. मी तर टोकन द्यायला निघाले होते. दादाने बोनेट उघडायच्या आधी ड्रायव्हरचा सीटबेल्ट धरून शेवटपर्यंत बाहेर ओढला आणि मला म्हणाला, ताई हे बघ. पट्टा खालच्या बाजूला मळकट पिवळा आणि एका ठिकाणी सरळ रेघ, म्हणजे पाणी जिथपर्यंत चढलं होतं तिथपर्यंत. मग त्याने मॅटिंग उचलली, सीटच्या खालच्या पट्ट्या गंजलेल्या, डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यात कोपऱ्यात वाळलेली माती. गाडी एमएच ०८, म्हणजे रत्नागिरी जिल्ह्याची, चिपळूण त्यातच येतं. जुलै २०२१ ला चिपळूणला काय पूर आला होता ते आपण सगळ्यांनी बघितलंय, तसंच २०१९ ला सांगली कोल्हापूरला. अशा गाड्या धुऊन पुसून लांबच्या शहरात येतात. त्या चालतातही, सहा महिने वर्षभर, मग वायरिंग त्रास द्यायला लागतं, आज काच खाली होत नाही, उद्या एअरबॅगचा दिवा पेटतो, परवा रस्त्यात बंद. विकणाऱ्याला विचारलं तर म्हणे धुतलीये म्हणून ओल राहिली असेल. मला त्याचा फार राग आला कारण त्याला माहीत होतं की मी सासूबाईंना घेऊन फिरायला गाडी घेतेय, मीच त्याला सांगितलं होतं.

दुसरी होंडा सिटी, २०११ ची. चालवायला काय सुंदर गाडी आहे, इंजिन तर लोणी. पण खालून बसकी, गावच्या रस्त्याला स्पीडब्रेकरवर पोट घासतं आणि बघितली तिच्या खालचा पत्रा सगळा चेपलेला होता. शिवाय सीट इतकी खाली की सासूबाई बसल्या, पण उठताना दोघांनी धरावं लागलं. जुनी सिटी ज्यांना घ्यायची असेल त्यांनी एक लक्षात ठेवा, ताकाता कंपनीच्या एअरबॅगमुळे होंडाने त्या काळातल्या बऱ्याच गाड्या परत बोलावल्या होत्या, चासी नंबर सांगून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारा की या गाडीची बदललीये का, नसेल तर फुकट बदलून देतात.

तिसरी इटिऑसच होती, डिझेल, ८० हजार किमी म्हणे. पण क्लच, ब्रेकच्या पॅडलचं रबर गुळगुळीत, स्टिअरिंगचं कातडं चमकतंय, ड्रायव्हरच्या सीटची उजवी कड बसलेली. ८० हजारात असं होत नाही. टॅक्सीला ही गाडी भरपूर चालली आहे, आणि पिवळ्या पाटीची पांढरी करून घेतलेल्या गाड्या बाजारात असतात, त्यामुळे आरसीवर (गाडीच्या नोंदणीच्या कागदावर) जुनी नोंद बघा आणि सर्व्हिस सेंटरला गाडीच्या नंबरवरून हिस्टरी काढायला लावा. आम्ही काढली तर तीन वर्षांपूर्वीच १ लाख ४० हजारची नोंद होती. मीटर मागे केलेला, सरळ सरळ.

आमची मिळाली ती साताऱ्याच्या एका रिटायर्ड बँकवाल्या काकांकडून, एजंट नाही काही नाही, ओळखीतून कळलं. काकांनी पहिल्या दिवसापासूनची सगळी बिलं एका फायलीत लावून ठेवलेली, टायर कधी बदलले, बॅटरी कधी, सगळं. रंग उन्हाने फिका पडलेला, मागच्या बंपरला ओरखडा, आणि तो ओरखडा त्यांनी स्वतःहून दाखवला. दादाने आदल्या दिवशीच फोन करून सांगितलं होतं की काका उद्या आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. थंड इंजिन स्टार्ट कसं होतं ते बघायचं असतं, गरम करून ठेवलेली गाडी सगळंच लपवते. एका सेल्फला चालू झाली, धूर नाही, ऑइलचं झाकण काढून हात धरला तर फुंकर नाही, म्हणजे इंजिन आतून झिजलेलं नाही. बोनेटच्या, दरवाज्याच्या बोल्टवर पाना लागल्याची खूण नाही, सगळ्या काचांवर सारख्याच वर्षाचा शिक्का, म्हणजे ठोकून काही बदललेलं नाही. टायरवर शेवटचे चार आकडे असतात ना, समजा २३१९ लिहिलंय तर २०१९ चा तेविसावा आठवडा, तेही फायलीतल्या बिलाशी जुळले. मग मी वीस किलोमीटर चालवली, चढावर, खड्ड्यात, एसी लावून. तेव्हा कुठे पैशाचं बोललो.

आता गाडी कशी आहे. दिसायला साधी, खूपच साधी, आतलं प्लास्टिक कडक आणि स्वस्त वाटतं, मीटर डॅशबोर्डच्या मधोमध आहे त्याची सवय व्हायला मला आठवडा लागला. पुढे वायपर एकच. हायवेला ऐंशीच्या वर टायरचा आवाज आत येतो. दरवाजा लावला की हलका वाजतो, त्यामुळे लोक म्हणतात पत्रा पातळ आहे, पण गाड्या ठोकून सुरक्षा तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप संस्थेने २०१६ मध्ये एअरबॅगवाली इटिऑस लिवा, म्हणजे हिचीच बिनडिकीची बहीण, ठोकून बघितली तेव्हा मोठ्या माणसांच्या सुरक्षेला पाचपैकी ४ स्टार मिळाले होते, त्यामुळे नुसत्या आवाजावरून ठरवू नका. आमच्या व्हीमध्ये एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होत नाहीत) आणि पुढे दोन एअरबॅग आहेत. खालच्या मॉडेलला सगळ्या वर्षी नव्हत्या, म्हणून गाडी बघताना ते आधी विचारा, माझ्या मते एअरबॅग नसेल तर वीस हजार स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.

आणि जागा! मागे पायात मधला उंचवटा जवळजवळ नाहीच, त्यामुळे मधे बसणाऱ्याला पाय फाकून बसावं लागत नाही. सीटची उंची अशी की सासूबाई आधी टेकतात आणि मग पाय आत घेतात, कुणी धरावं लागत नाही. पहिल्यांदा कराडला गेलो तेव्हा उतरल्यावर म्हणाल्या, अगं, पाय आखडलेच नाहीत की. त्या दिवशी मला सगळे रविवार फळाला आल्यासारखं वाटलं. डिकी ५९५ लिटरची, डिझायरची त्याच काळातली बारकी डिकी ३१६ लिटर, म्हणजे जवळपास दुप्पट. गोणी आडवी जाते आणि वर दोन बॅगा राहतात. मागे एसीचे वेगळे व्हेंट नाहीत पण पुढचाच इतका गार करतो की मेमध्येही तक्रार नाही.

इंजिन १४९६ सीसीचं, ९० पीएस. आकडा मोठा नाही पण गाडी वजनाला हलकी, त्यामुळे पाच माणसं आणि सामान घेऊन खंबाटकीला तिसऱ्या गिअरमध्ये आरामात चढते. याला टायमिंग चेन आहे, बेल्ट नाही, म्हणजे ठराविक किलोमीटरला बेल्ट बदलायचा खर्च नाही. अॅव्हरेज मी टाकी फुल करून मोजते, पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये साडेबारा, हायवेला सतराच्या आसपास. अलीकडे ई२० (वीस टक्के इथेनॉलवालं) पेट्रोल सगळीकडे झाल्यापासून गावात बारापर्यंत आलंय असं माझ्या वहीत दिसतं, आणि दादाने पेट्रोलचे रबरी पाइप दर सर्व्हिसला बघायला सांगितलेत.

खर्च खरा सांगते. घेतल्या घेतल्या ऑइल, सगळे फिल्टर, कूलंट, ब्रेक ऑइल मिळून साडेसात हजार. चार महिन्यांनी बॅटरी ४,६००. ७४ हजारला पुढचे लोअर आर्म बुश, मजुरीसकट ४,२००. ८२ हजारला क्लच प्लेट, प्रेशर प्लेट ११,५००. टायर चारही १८,४००. बाकी वर्षाची सर्व्हिस सहा हजारांत बसते. अडीच वर्षांत रस्त्यात एकदाही बंद पडलेली नाही. हे मॉडेल बनवणं कंपनीने २०२० ला थांबवलं, पण टॅक्सीमुळे इतक्या गाड्या रस्त्यावर आहेत की पार्ट कराडलाही त्याच दिवशी मिळतो. मात्र आतली ट्रिम, हँडल, डॅशबोर्डचे तुकडे असलं काही तुटलं तर थांबावं लागतं, माझं मागच्या दरवाज्याचं आतलं हँडल तीन आठवड्यांनी आलं.

कागदपत्रांचं एवढंच, पण नीट वाचा. फॉर्म २९ आणि ३० वर (गाडी नावावर करायचे अर्ज) सही झाली की काम झालं असं समजू नका, नवीन आरसी तुमच्या नावावर हातात येईपर्यंत मागे लागा आणि मी तर काकांना विचारून दहा हजार त्यासाठी मागे ठेवले होते, त्यांनीच सुचवलं खरं तर. कर्ज असेल तर बँकेची एनओसी (ना हरकत दाखला) आणि फॉर्म ३५ (आरसीवरची कर्जाची नोंद काढायचा अर्ज) शिवाय पैसे देऊ नका. ई-चलान नंबर टाकून बघा, आमच्यावर ५०० चं एक होतं, काकांनी लगेच भरलं. इन्शुरन्स १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्यायचा, आणि जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दलची सूट) त्याच्याबरोबर जातो, आपल्याला मिळत नाही, त्यामुळे प्रीमियम थोडा वाढणार हे धरून चाला. एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांनाही एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबरची) पाटी लागते, ती आहे का बघा. आणि प्रायव्हेट गाडीचं पासिंग १५ वर्षांचं, आमचं २०२९ ला संपेल, तेव्हा रिपासिंग आणि ग्रीन टॅक्स (जुन्या गाडीवरचा जादा कर) येणार. २०१० ची गाडी आज स्वस्त दिसते ती त्यामुळेच.

कुणाला घ्यायची असेल तर पेट्रोल, व्ही किंवा व्हीएक्स, २०१३ नंतरची, फायलीसकट मिळाली तर बघा. डिझेलचं इंजिन वाईट नाही पण जुन्या डिझेलमध्ये टॅक्सीच्या गाड्या निवडून बाजूला काढणं आपल्यासारख्यांना अवघड जातं. शेवटी दोन गाड्यांत अडलात तर ज्या मालकाने फाइल ठेवलीये त्याची घ्या, मग रंग उडालेला असला तरी चालेल. आमच्या बंपरचा ओरखडा अजून तसाच आहे. पुढच्या रविवारी कराडला निघालोय, यावेळी डिकीत सासूबाईंची जुनी शिलाई मशीन जायचीये, पायाच्या लाकडी स्टँडसकट, मोजून बघितलंय, बसते.