मागच्या काचेची गळती: फट भरावी की काच उतरवावी?

पोर्शे ९४४ सारख्या जुन्या स्पोर्ट्स कारची मागची मोठी काच चौकटीला चिकटवलेली असते. हेच डिकीचं दार, ते वर्षानुवर्षे उघडझाप होऊन ती चौकटीपासून सुटते आणि पहिल्याच पावसात डिकीतला गालिचा भिजतो. आधी कडेचं रबर मात्र तपासा, कधी कधी दोष तिथेच निघतो.

काच जागेवर ठेवून फटीत युरेथेन, म्हणजे गाडीची काच चिकटवायचा गोंद, भरणं स्वस्त आणि झटपट. पण आतली धूळ आणि सुटलेला गोंद तसाच राहतो. आधी कुणी सिलिकॉन थापलं असेल तर संपलंच! त्या थरावर युरेथेन धरत नाही. शिवाय व्हिनेगरसारखा वास मारणारं सिलिकॉन धातूही खातं.

काच उतरवून, जुना गोंद खरवडून, प्रायमर मारून नव्याने चिकटवणं महाग. काच फुटली तर दुसरी शोधताना नाकी नऊ येतात. तरी फट लांबवर गेली असेल तर मी हेच करीन. बोटभर असेल तर नुसती भरीन. मराठवाड्यात भर मे महिन्यात हे काम नको. युरेथेन हवेतल्या ओलाव्याने पक्कं होतं आणि बीड-परभणीच्या कोरड्या हवेत त्याला वेळ लागतो. मृगाआधी आभाळ दाटून येतं तेव्हा, पत्र्याच्या शेडखाली करा.