गिटच्या रेपोवर सॅपलिंग की जुजुत्सु?

टीम गिटवर, म्हणजे कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनावर आहे, कोडचा साठा (रेपो) गिटहबवर आहे आणि ते बदलणं तुमच्या हातात नाही. पण एकावर एक चार कमिट (नोंदवलेले बदल) रचलेत, रिव्ह्यूत दुसऱ्यावर शेरा आला, की रीबेस करताना, म्हणजे वरचे कमिट नव्या पायावर पुन्हा बसवताना, अख्खी दुपार जाते. हे दुखणं असेल तर सॅपलिंग आणि जुजुत्सु ही मोठ्या कंपन्यांत वाढलेली दोन ओपन सोर्स साधनं जरूर पाहा. दोन्ही गिटच्या रेपोवर चालतात, त्यामुळे बाकीच्या टीमला काहीच बदलावं लागत नाही.

सॅपलिंग मेटाचं. फेसबुकचा रेपो वाढत गेला तेव्हा त्यांनी गिटऐवजी मर्क्युरियल हे तसंच दुसरं साधन निवडलं, त्यात वर्षानुवर्षं भर घातली आणि त्यातून घडलेलं साधन नोव्हेंबर २०२२ मध्ये सगळ्यांना खुलं केलं. त्याची खरी ताकद दिसते ती स्मार्टलॉगमध्ये: ‘एसएल’ एवढंच टाइप केलं की आपले कमिट आणि मुख्य ब्रँच, बाकी गर्दी नाही. ‘एसएल वेब’ने तेच ब्राउझरमध्ये उघडतं आणि कमिट माऊसने ओढून रीबेस करता येतो. कमिटची रास गिटहबवर एकावर एक पीआर (पुल रिक्वेस्ट, बदल सामावून घेण्याची विनंती) म्हणून पाठवायची सोयही आतच आहे. मात्र मेटासारखा वेग मिळेल या आशेने घेऊ नका. त्यांच्याकडे मागे मोनोनोके सर्व्हर आणि ईडनएफएस ही आभासी फाइल सिस्टिम आहे. गिटहबच्या मागे ती नाही.

जुजुत्सु मार्टिन फॉन झ्वाइगबर्क यांनी २०१९ मध्ये हौस म्हणून सुरू केलं. पुढे गूगलमध्ये तेच त्यांचं पूर्णवेळ काम झालं. माझा कौल याला. कारण इथे मुळातला विचारच वेगळा आहे: तुमची चालू फाइल-स्थिती हाच एक कमिट. कुठलीही ‘जेजे’ आज्ञा दिली की आधी त्या स्थितीची नोंद होते, म्हणून स्टॅश करायची, म्हणजे अर्धवट काम तात्पुरतं बाजूला ठेवायची, वेळच येत नाही. प्रत्येक बदलाला कायमची ओळख मिळते. कमिटचा हॅश (०-९ आणि ए ते एफ यांत लिहिलेला क्रमांक) कितीदाही बदलला तरी ती तीच राहते, आणि ती के ते झेड या अक्षरांतच लिहिली जाते, म्हणजे हॅशशी गल्लत होत नाही. रासेतला दुसरा कमिट दुरुस्त करा, वरचे दोन आपोआप त्यावर बसतात. कॉन्फ्लिक्ट (एकमेकांशी भिडणारे बदल) आला तरी रीबेस अडत नाही. तो कमिटमध्येच नोंदला जातो आणि सवडीने सोडवता येतो. तो सुटेपर्यंत जुजुत्सु असा कमिट पुश करू (गिटहबवर पाठवू) देत नाही, हे फार शहाणपणाचं आहे. आणि काही बिनसलंच तर ‘जेजे अन्डू’.

आता खटकणाऱ्या गोष्टी. नवी फाइल आपोआप ट्रॅक होते, तेव्हा पासवर्ड असलेली .ईएनव्ही फाइल आधी .गिटइग्नोर या वगळायच्या फाइलींच्या यादीत घाला, हे विसरून चालणारच नाही. बुकमार्क, म्हणजे इथली ब्रँच, नव्या कमिटबरोबर पुढे सरकत नाही. पुशआधी हाताने सरकवावी लागते, आणि सुरुवातीला हेच सगळ्यांत जास्त अडतं. गिटचे प्री-कमिट हुक (कमिटआधी आपोआप चालणाऱ्या तपासण्या) चालत नाहीत. सबमोड्यूलवर, म्हणजे रेपोत जोडलेल्या दुसऱ्या रेपोंवर, उभा प्रकल्प असेल तर जुजुत्सु सध्या बाजूलाच ठेवा.

रोज पीआरची रास पाठवणाऱ्यांनी आणि चित्र बघून काम करायला आवडणाऱ्यांनी सॅपलिंग घ्यावं. ज्यांचा इतिहास सतत घडत-मोडत असतो, त्यांनी जुजुत्सु. महिन्यात दोन कमिट करणाऱ्याला गिट पुरे आहे.

करून बघणं जुजुत्सुत स्वस्त आहे. सध्याच्या रेपोत ‘जेजे गिट इनिट’ला ‘कोलोकेट’ पर्याय देऊन चालवा; गिट आणि जेजे दोन्ही एकाच फोल्डरात चालतात. सॅपलिंगला .गिटमध्ये काम करता येतं, पण त्याच्या सगळ्या सोयी हव्या असतील तर ‘एसएल क्लोन’ने वेगळी प्रत घ्यावी. जुजुत्सु नाहीच रुचलं, तर .जेजे फोल्डर काढून टाका आणि ‘गिट स्विच’ करून आपल्या ब्रँचवर या. तोवर केलेले कमिट बुकमार्कवर असतील तर ते गिटमध्ये जसेच्या तसे सापडतील.